हिरड्या, दात आणि ‘दोष’ हा शब्द



आजचा विषय जाहीर झाल्यावर मला दोन-तीन फोन आले. सगळ्यांचा सूर एकच. “सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता दातांवर काय बोलणार?” प्रश्न रास्त आहे. मी दंतवैद्य नाही, आणि आज कुणाच्या तोंडात डोकावणारही नाही. पण मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘कारण’ म्हणजे काय याची चर्चा केली. तेव्हा उदाहरण होतं मडक्याचं आणि कुंभाराचं. ते संपल्यावर एक बाई मला म्हणाल्या, “मडक्याचं कारण चुकलं तर कुणाचं काही जात नाही हो. माणसाच्या बाबतीत चुकलं तर काय होतं ते सांगा.” म्हणून आज मडकं बाजूला ठेवून एका लहान मुलीच्या हिरड्यांपासून सुरुवात करतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची ही मुलगी. तेव्हा नऊ वर्षांची. तिच्या वर्गातल्या सगळ्यांचे पुढचे कायमचे दात येऊन दोन वर्षं झाली होती. हिचे दुधाचेच दात अजून जागेवर होते आणि तेही अर्धेअधिक हिरडीखाली झाकलेले. हिरडी गुलाबी, जाड, घट्ट. हसताना ती तोंडावर हात धरायची. घरी आजी म्हणायची, “पोटात असताना हिच्या आईनं दूध कुठे घेतलं?” शाळेत बाई म्हणायच्या, “नीट ब्रश करत जा.” एका दवाखान्यात दात साफ करून दिले, आणि वर आईला चार शब्द सुनावले. असं तीनदा झालं. हिरडी होती तशीच.

चौथ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी मुलीला तपासलं, आणि मग सोबत आलेल्या वडिलांना म्हणाले, “आता तुम्ही तोंड उघडा.” वडिलांना कवळी होती. विशीतच सगळे दात काढून टाकलेले. का काढले, तर ‘हिरड्या खराब होत्या’ म्हणून. त्यांच्या एका काकांचंही तसंच झालेलं. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. पण या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून कुणी पाहिल्या नव्हत्या. नऊ वर्षं सगळी बोटं आईकडे होती.

आता हे नीट समजून घेऊ.

हिरडी म्हणजे काय? दाताच्या मुळाशी असलेली मऊ पण चिवट पेशींची गादी. तिच्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. ते विणणाऱ्या पेशी असतात, आणि जुने धागे मोडून टाकण्याची व्यवस्थाही असते. विणणं आणि मोडणं यांचा तोल राहिला की हिरडी आपल्या मापात राहते. तो बिघडला, विणणं जास्त आणि मोडणं कमी झालं, की हिरडी वाढते.

तो तोल अनेक कारणांनी बिघडतो. सगळ्यांत नेहमीचं कारण म्हणजे दातांवर साचणारं किटण आणि त्यामुळे येणारी सूज. ही हिरडी लालसर, मऊ असते, ब्रश लागला की रक्त येतं. दुसरं कारण औषधं. आकडीवर दिलं जाणारं फेनिटॉइन, अवयव बदलल्यावर दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन, रक्तदाबावरचं निफेडिपिन, या तिन्हींनी काही जणांच्या हिरड्या वाढतात. फेनिटॉइनबाबत हे १९३९ पासून माहीत आहे. इथे एक इशारा द्यायलाच हवा. मुलाच्या हिरड्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत अचानक सुजल्या, रक्त यायला लागलं, सोबत ताप, फिकटपणा, अंगावर निळे डाग असतील, तर ताबडतोब डॉक्टरांकडे नेऊन रक्ततपासणी करून घ्या. रक्ताचा कर्करोग काही वेळा पहिल्यांदा हिरडीत दिसतो. तिथे आनुवंशिकतेची चर्चा करत बसू नये.

हे सगळं बाजूला काढल्यावर जे उरतं त्यात आमच्या या मुलीचा आजार येतो. आनुवंशिक हिरडीवाढ. दुर्मिळ आहे, साधारण पावणेदोन लाखांत एक असा अंदाज दिला जातो. यात हिरडी सहसा कायमचे दात यायच्या सुमारास वाढू लागते. दात आत व्यवस्थित तयार झालेले असतात, पण वरचं जाड आवरण फोडून बाहेर येता येत नाही. दुधाचे दात पडत नाहीत, नवे वाकडे येतात, ओठ मिटत नाहीत, काही उच्चार नीट होत नाहीत.

यामागचं एक जनुक २००२ मध्ये ब्राझीलमधल्या एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास करताना सापडलं. त्याचं नाव मजेशीर आहे, ‘सन ऑफ सेव्हनलेस’, थोडक्यात एसओएस-१. हे नाव फळमाशीवरून आलं. फळमाशीच्या डोळ्यातल्या प्रत्येक बारक्या भिंगाखाली प्रकाश टिपणाऱ्या आठ पेशी असतात. एका जनुकात बिघाड झाला तर त्यातली सातवी पेशी तयारच होत नाही, म्हणून ते जनुक ‘सेव्हनलेस’. त्याच साखळीतली पुढची कडी म्हणजे त्याचा ‘मुलगा’. माशीच्या डोळ्यात जी कडी, तीच माणसाच्या पेशीतही आहे. बाहेरून ‘आता वाढा’ असा निरोप आला की तो आत पोचवून वाढीचं बटण दाबायचं, हे तिचं काम.

त्या कुटुंबात काय झालं होतं? जनुकाच्या मजकुरात एक अक्षर जास्तीचं घुसलं होतं. फक्त एक. जनुकाचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो. समजा मजकूर आहे ‘मगर बदक कमळ गवत’. आता ‘मगर’नंतर एक ‘त’ घुसवा आणि पुन्हा तिनाच्या गटांनी वाचा. ‘मगर तबद ककम ळगव’. पुढचं सगळं निरर्थक. पेशी वाचता वाचता लवकरच थांबते, आणि प्रथिनाचं शेपूट गळून पडतं. त्या शेपटाचं एक काम लगाम घालण्याचं. लगाम गेला की बटण चालू राहण्याकडे झुकतं, आणि हिरडी विणत राहते. पुढे २०१७ मध्ये दुसऱ्या काही कुटुंबांत ‘रेस्ट’ नावाच्या वेगळ्याच जनुकात बदल सापडले. म्हणजे दिसायला एकच आजार, पण त्याकडे नेणाऱ्या वाटा एकाहून जास्त.

या आजाराचा वारसा बहुतेक कुटुंबांत सरळ आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. इथे एक प्रत बदललेली असली तरी पुरते. त्यामुळे आजार असलेल्या आई किंवा वडिलांच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी. मात्र कधी कधी आईवडील दोघांतही बदल नसतो. तो त्या मुलापासूनच सुरू होतो.

आता आपल्या नैयायिकांकडे जाऊ. त्यांची कारणाची व्याख्या आठवा. जे कार्याच्या आधी नेमानं असतं आणि अन्यथासिद्ध नसतं, ते कारण. अन्यथासिद्ध म्हणजे आधी हजर होतं खरं, पण कार्य घडवण्यात ज्याचा हात नाही. त्यांची उदाहरणं फार सुंदर आहेत. माती वाहून आणणारं गाढव. कुंभाराच्या काठीचा रंग. आणि कुंभाराचा बाप! कुंभार त्याच्यामुळे आहे हे खरं. पण म्हणून तो मडक्याचं कारण नव्हे.

हीच चाळणी त्या मुलीच्या बाबतीत लावा. आईनं दूध घेतलं नाही. हे गाढव. आधी होतं एवढंच. ग्रहणात भाजी चिरली, हेही गाढव. ब्रश नीट केला नाही? इथे जरा थांबू. किटणानं ही हिरडी निर्माण होत नाही. पण वाढलेल्या हिरडीच्या खाचांत किटण साचतं, सूज येते आणि वाढ आणखी फुगते. म्हणजे ते सहकारी कारण. ब्रश हवाच, पण ब्रश केला नाही ‘म्हणून’ हे झालं, असं म्हणता येत नाही. दात स्वतः? तोही सहकारी, कारण दात काढलेल्या जागी ही वाढ सहसा परत येत नाही. आणि कुंभाराचा बाप? या एका खटल्यात मात्र नैयायिकांनी सोडून दिलेला बाप कारणांच्या यादीत परत येतो. (हशा)

पण तो आरोपी म्हणून येतो का? इथे माझ्या आजच्या मूळ मुद्द्याकडे येतो.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, ‘दोष’. आपण म्हणतो ‘जनुकीय दोष’, ‘जन्मजात दोष’. आणि आपण म्हणतो ‘दोष कुणाचा?’, ‘तिला दोष देऊ नका’. दोन्हीकडे शब्द तोच. पहिल्या ठिकाणी तो रचनेतली उणीव सांगतो, दुसऱ्या ठिकाणी अपराध. भाषा एकच शब्द वापरते, आणि आपलं मन एका अर्थावरून दुसऱ्यावर कधी घसरतं ते कळतही नाही. डॉक्टर सांगतात, “जनुकात दोष आहे.” घरी पोचेपर्यंत त्याचं होतं, “हिच्या माहेरचा दोष आहे.”

अपराध होण्यासाठी निदान दोन गोष्टी लागतात. माणसाला ते ठाऊक असावं, आणि टाळणं त्याच्या हातात असावं. कोणती प्रत मुलाला जाणार हे आईच्याही हातात नाही आणि बापाच्याही. म्हणून माझी आग्रहाची विनंती, ‘जनुकीय बदल’ म्हणा. शब्द बदलला की घरातलं बोलणं बदलतं. हा माझा कोरडा सिद्धांत नाही, त्या घरात मी ते पाहिलं आहे.

आता दुसरं उदाहरण, कारण इथे चूक झाली तर हसण्यापुरतं भागत नाही.

समजा एक मूल आहे. हिरड्या जराशा जाड. पण याच्यात दातच वेगळे आहेत. पिवळे, लहान, मधे फटी असलेले. वरचं पांढरं कवच, म्हणजे एनॅमल, अगदी पातळ किंवा जवळजवळ नाहीच. कायमचे दात वेळेवर येत नाहीत. एक्स-रे काढला तर ते जबड्यात अडकलेले दिसतात.

एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज. तो घडवणाऱ्या पेशी दात बाहेर यायच्या आधीच आपलं काम संपवतात, आणि दात आला की नाहीशा होतात. म्हणून एनॅमल पुन्हा तयार होत नाही. आठव्या वर्षी कॅल्शियमच्या गोळ्या देऊन ते भरून निघेल ही आशा खोटी आहे. हेही पाहा की बाळपणी मोठं आजारपण आलं, किंवा पाण्यात फ्लोराइड जास्त असलं, तरी एनॅमल बिघडतं. पण आजारपणाची खूण त्या वेळी जे दात घडत होते त्यांच्यावरच उमटते. दुधाचे आणि कायमचे, झाडून सगळे दात सारखेच असतील, तर आनुवंशिक कारणाची शंका घ्यायला हवी.

मी सांगतोय त्या मुलात दात आणि हिरड्यांच्या जोडीला तिसरी गोष्ट असते, आणि ती तोंडात दिसत नाही. मूत्रपिंडांत कॅल्शियम साचत असतं. दुखत नाही. रक्तातलं कॅल्शियम बहुधा ठीकच येतं. मूल खेळतं, बागडतं.

या आजाराचा शोध कसा लागला ते ऐकण्यासारखं आहे. १९७२ मध्ये एका दंतवैद्यकीय नियतकालिकात भावंडांची हकीकत आली, एनॅमल नाही आणि मूत्रपिंडांत कॅल्शियम. दुसरीकडे, खराब एनॅमल आणि हिरडीवाढ असलेली कुटुंबं वेगळ्या नावाखाली नोंदली जात होती. २०११ मध्ये या दुसऱ्या प्रकारच्या एका कुटुंबात जनुक सापडलं, फॅम-२०-ए. आणि पुढच्या एक-दोन वर्षांतच कळलं की पहिल्या प्रकारच्या रुग्णांतही बदल त्याच जनुकात आहे. पहाटेची शुक्राची चांदणी आणि संध्याकाळची चांदणी हे दोन तारे नव्हेत, एकच शुक्र आहे, हे जर्मन तत्त्वज्ञ फ्रेगेचं उदाहरण मी चाळीस वर्षं वर्गात दिलं. दातांच्या डॉक्टरनं पाहिलेला आजार आणि मूत्रपिंडांच्या डॉक्टरनं पाहिलेला आजार एकच निघाले.

फॅम-२०-ए काय करतं? त्याच्या भावंडासारखं एक प्रथिन आहे, फॅम-२०-सी. पेशीतून बाहेर जाणाऱ्या अनेक प्रथिनांवर ते फॉस्फेटचा शिक्का मारतं. दुधातल्या केसीनवर असा शिक्का असतो, एनॅमल घडवणाऱ्या प्रथिनांवरही असतो. खनिज कुठे, किती जमावं याच्याशी या शिक्क्यांचा संबंध आहे. फॅम-२०-ए स्वतः शिक्का मारत नाही. पण ते सोबत असलं की फॅम-२०-सीचं काम जोरात चालतं. सोबत गेली की दातावर जिथे खनिज हवं तिथे ते बसत नाही, आणि मूत्रपिंडात जिथे नको तिथे साचतं.

इथे वारसा वेगळा आहे. दोन्ही प्रती बदललेल्या असाव्या लागतात. आई आणि वडील दोघांकडे एकेक बदललेली प्रत, दोघेही ठणठणीत, दात शाबूत. त्यांच्या प्रत्येक अपत्याला धोका एक चतुर्थांश. आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या किंवा आत्याच्या मुलांमध्ये लग्नं होतात. सख्ख्या आते-मामे भावंडांची साधारण एक अष्टमांश जनुकं सामाईक असतात, त्यामुळे तीच बदललेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. अशा लग्नांतली बहुतेक मुलं निरोगी असतात, हेही तितकंच खरं. आणि नात्याबाहेरच्या लग्नातही हा आजार होऊ शकतो.

मग काय करायचं? हिरड्या जाड, सगळ्या दातांचं एनॅमल खराब आणि दात अडकलेले, असं त्रिकूट दिसलं की मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्यायची. साधी, न दुखणारी तपासणी. कॅल्शियम साचलेलं दिसलं तर मूत्रपिंडतज्ज्ञांकडे नियमित जायचं, आणि कॅल्शियमच्या गोळ्या स्वतःच्या मनानं द्यायच्या नाहीत. ‘ब्रश करत नाही’ या एका वाक्यावर शोध थांबला, तर ही सोनोग्राफी होत नाही. चुकीच्या कारणाची किंमत ती ही.

तिसरं उदाहरण थोडक्यात सांगतो. यात हिरडीवाढ नाही, पण दातांची घडण आणि आईवर येणारा आळ दोन्ही आहेत. डार्विननं पाळीव प्राणी आणि वनस्पतींतल्या बदलांवरच्या आपल्या ग्रंथात सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली आहे. सिंध १९३६ पर्यंत आपल्या मुंबई इलाख्यातच होता. त्या कुटुंबातल्या चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना दोन्ही जबडे मिळून पटाशीचे चार बारके दात आणि आठ दाढा, एवढेच होते. अंगावर केस विरळ, त्वचा कोरडी, उन्हाळा असह्य. मुलींना हे होत नाही, पण त्यांच्या मुलांना होतं, हेही त्यानं टिपलं. आज आपण सांगतो की हे ‘एक्स’ गुणसूत्रावरचं जनुक. ते १९९६ मध्ये सापडलं, ईडीए. गर्भात दात, केस आणि घामाच्या ग्रंथी घडवताना लागणारा निरोप त्यातून येतो. मुलाला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळतं, म्हणून बदल आईमार्फत येतो. असं मूल घाम नसल्यानं ताप आणि ऊन सोसू शकत नाही. दात नाहीत ही त्याची वेळीच मिळालेली सूचना असते. २०१८ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी असं कळवलं, की जुळ्या बाळांसाठी हे हरवलेलं प्रथिन गर्भजलात सोडलं आणि त्या मुलांना पुढे घाम येऊ लागला. आईमार्फत बदल येतो हे कळल्यामुळेच हे शक्य झालं. तीच माहिती घरात दोष द्यायला वापरली, तर आई ती लपवेल, आणि पुढच्या मुलाला वेळेवर मदत मिळणार नाही.

आता श्रोत्यांचे काही प्रश्न आले आहेत ते घेतो.

“वाढलेली हिरडी कापली तरी परत येते म्हणतात. मग कापायची कशाला?” परत येऊ शकते, खरं आहे. सगळे कायमचे दात आल्यावर शस्त्रक्रिया केली तर ती परत येण्याचा धोका कमी, म्हणून शक्य असेल तर थांबतात. पण दात अडकले असतील, खाता-बोलता येत नसेल किंवा मूल हसायचंच विसरलं असेल, तर आधीही करतात, लागली तर पुन्हा करतात. केसही परत वाढतात, म्हणून आपण कापायचं थांबतो का?

“आकडीच्या गोळ्यांनी हिरड्या वाढल्या तर गोळ्या बंद कराव्यात का?” स्वतःहून अजिबात नाही. आकडी जास्त धोक्याची. डॉक्टर औषध बदलू शकतात. आणि लक्षात ठेवा, काही आनुवंशिक आजारांत आकडी आणि हिरडीवाढ दोन्ही मुळातच असतात. अशा वेळी गोळी सुरू होण्याआधी हिरड्या कशा होत्या, याचा एखादा जुना फोटो शंभर तर्कांपेक्षा उपयोगी पडतो.

“जनुकीय चाचणी करावीच का?” आनुवंशिकतेच्या तज्ज्ञांशी बोलून ठरवा. पण त्याआधी बिनखर्चाची एक चाचणी आहे. घरातल्या तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर मांडा. कुणाचे दात उशिरा आले, कुणी लवकर कवळी लावली, कुणाला मूत्रपिंडाचा त्रास होता. आजीला विचारा. दूध कुणी घेतलं नाही हे विचारू नका, आजोबांचे दात कसे होते ते विचारा.

आणि शेवटचा, “ती मुलगी आता कशी आहे?” दोन शस्त्रक्रिया झाल्या. पुढचे दात आले, जरा वाकडे आहेत, तार लावली आहे. तिच्या वडिलांनी मला सांगितलं, की हिरडीची पट्टी निघाली त्या दिवशी तिनं आरशात पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, “बाबा, तुमचे खरे दात कसे होते?” त्यांना आठवत नव्हतं. ते म्हणाले, “तुझ्यासारखेच असणार.”

वेळ संपली. पुढच्या वेळी आपण ‘प्रारब्ध’ या शब्दाकडे वळू.